चर्चमधली जुनी चांदी: कपाटाची किल्ली हातात आल्यावर काय करायचं

सॅक्रिस्टीच्या, म्हणजे चर्चमधल्या पूजापात्रांच्या खोलीच्या, कपाटाची किल्ली पहिल्यांदा हातात येते तेव्हा बहुतेकांना एकच गोष्ट सुचते: सगळं बाहेर काढू आणि लख्ख घासू. नाताळ किंवा ईस्टर जवळ आलेला असतो, प्याले काळवंडलेले असतात, चार बायका मदतीला तयार असतात. मीही तेच केलं होतं. आमच्या एका जुन्या प्याल्याच्या बुडाशी बारीक अक्षरांत काही कोरलेलं होतं. मी पहिल्या वर्षी तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर आणि नारळाची शेंडी घेऊन तो इतका घासला की त्यातली शेवटची ओळ गेली. ‘आईच्या स्मरणार्थ’ एवढं आज वाचता येतं. कुणी दिला आणि कोणत्या साली, ते गेलं. तो मजकूर कुठेही उतरवून ठेवलेला नव्हता. त्या प्याल्यातून रविवारी प्रभुभोजन घेताना मला आजही ती ओळ आठवते.

म्हणून नव्याने ही जबाबदारी घेणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. तुम्ही कॅथलिक असा, सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असा की मेथडिस्ट, निम्म्याहून जास्त गोष्टी सारख्याच आहेत.

पहिला महिना: घासायचं नाही, फक्त ओळख करून घ्यायची

कपाटात काय काय असतं ते आधी नावानिशी कळायला हवं. द्राक्षारसाचा तो प्याला, म्हणजे कॅलिस. त्याचे चार भाग असतात: वर वाटी, मग दांडी, दांडीवर मधोमध गाठ आणि खाली पाया. पायाच्या एका पाकळीवर छोटा क्रूस कोरलेला दिसला तर ती पिण्याची बाजू, म्हणजे प्याला कोणत्या बाजूने समोर धरायचा त्याची खूण. भाकरीची उथळ थाळी ती पॅटन. कॅथलिक चर्चमध्ये पवित्र ख्रिस्तप्रसाद ठेवायचं झाकणाचं भांडं असतं, ते सिबोरियम. आजाऱ्यांना घरी प्रसाद नेण्याची छोटी डबी, ती पिक्स. सूर्यासारखे किरण असलेलं, मधे काचेची खिडकी असलेलं उंच पात्र म्हणजे मॉन्स्ट्रन्स. द्राक्षारसाच्या आणि पाण्याच्या जोडकुप्या, हात धुण्याचं तबक, साखळ्यांचं धुपाटणं, दानाची परात, मेणबत्तीचे खांब हे त्याशिवाय. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मोठी सुरई आणि कधी एका तबकात बसवलेले छोटे छोटे पेले मिळतात.

आता वही घ्या. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक. उंची, तोंडाचा व्यास, वजन ग्रॅममध्ये (स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो), पोचे कुठे आहेत, डाक (सांधा जोडायचा वितळवलेला धातू) कुठे लावलेला दिसतो, कोरलेला मजकूर जसाच्या तसा, चुकांसकट. मग फोटो: समोरून, बुडाकडून, आतून, आणि मजकुराचा एक जवळून. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून धरा. झिजलेली अक्षरं सावलीमुळे उठून दिसतात. मजकुरावर कागद ठेवून पेन्सिल घासायची नाही, तेवढ्यानेही मऊ चांदीवर ओरखडा येतो.

वस्तू उचलताना दोन्ही हात आणि आधार नेहमी तळाला. कॅलिस गाठीला धरून उचलण्याची सवय सगळ्यांना असते. पण जुन्या कॅलिसच्या आतून एक दांडा जातो आणि बुडाशी चाकीने आवळलेला असतो. चाकी सैल असली की वाटी हातात आणि पाया फरशीवर. हातात सुती किंवा नायट्राइलचे मोजे घाला. बोटांचा घाम खारट असतो आणि त्याचे ठसे चांदीत कायमचे उमटतात.

कॅथलिक चर्चमध्ये ही वही तुमची हौस नाही. कॅनन लॉच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, 1283 क्रमांकाच्या नियमानुसार चर्चच्या मौल्यवान वस्तूंची वर्णन आणि मूल्यासह यादी ठेवणं बंधनकारक आहे आणि तिची एक प्रत धर्मप्रांताच्या कार्यालयात जायला हवी. इतर मंडळ्यांतही पाळकसाहेबांची आणि पंचांची सही घेऊन एक प्रत चर्चबाहेर, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा.

ठसे वाचायला शिका

हा भाग मला सगळ्यात आवडतो, आणि पुण्यात तो विशेष रंगतो. कारण इथली चर्चेस एका हाताने उभी राहिलेली नाहीत. नाना पेठेतल्या सिटी चर्चला सवाई माधवराव पेशव्यांनी जागा दिली आणि 1792 मध्ये ते उभं राहिलं, पेशव्यांच्या चाकरीतल्या गोव्याच्या ख्रिस्ती लोकांसाठी. कॅम्पातलं सेंट मेरीज 1825 चं, ब्रिटिश पलटणींसाठी. बिशप रेजिनाल्ड हीबर यांच्या हातून त्याचं समर्पण झालं. सेंट पॅट्रिक्स आयरिश सैनिकांच्या वस्तीतून आलं. पुणे कॅथलिक धर्मप्रांत 1886 चा आणि त्याचे पहिले बिशप बर्नहार्ड बाइडरलिंडेन हे जर्मन जेझुइट. गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनचं नाव पुणेकरांना 1890 च्या चहा प्रकरणामुळे (टिळक-रानडे मंडळी मिशनमध्ये चहा प्यायल्यावरून उठलेला वाद) माहीत असतं. पण तिथले धर्मगुरू इंग्लंडमधल्या काउलीचे, आणि धूप, मेणबत्त्या, सुशोभित वेदी या परंपरेला जीव लावणारे. ज्यांनी ज्यांनी ही भांडी आणली, त्यांच्या त्यांच्या देशाचे ठसे भांड्यांवर असणार. तुमच्या कपाटात कुणाचा हात लागलेला आहे, ते तिथे वाचता येतं.

ठसे शोधायचे ते वाटीच्या बाहेरच्या काठाजवळ, पायाच्या कडेवर आणि पायाच्या आतल्या अंगाला. थाळीवर बहुधा कडेला किंवा पाठीमागे. दहापट मोठं दाखवणारं सोनारी भिंग घ्या, थोड्या पैशांत मिळतं.

इंग्लंडची चांदी असेल तर चालता सिंह दिसेल, पुढचा उजवा पंजा उचललेला, बाजूने. त्याचा अर्थ हजारात 925 भाग शुद्ध. शेजारी गाव: बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, मुकुट म्हणजे शेफील्ड (1974 पर्यंत). एडिंबरोचा किल्ला आणि डब्लिनची मुकुटधारी वीणा. मग एक अक्षर असतं, ते वर्षाचं. प्रत्येक गावाची अक्षरमाला वेगळी आणि चौकटीचा आकारही दर फेरीला बदलतो, म्हणून नुसतं ‘के’ वाचून वर्ष सांगू नका. गावाच्या तक्त्यात चौकटीसकट ताडून पाहा. आणखी एक छोटा ठसा म्हणजे राजाचं किंवा राणीचं मुंडकं. चांदीवर कर भरल्याची ती खूण आणि ती 1784 ते 1890 एवढ्याच काळात मारली जाई. म्हणजे सिंह, नांगर आणि राणीचं मुंडकं एकत्र दिसलं तर तक्ता न उघडताही भांडं 1890 किंवा त्याआधीचं, बर्मिंगहॅमचं, हे सांगता येतं.

चंद्रकोर आणि मुकुट यांच्या जोडीला 800 आकडा असेल तर भांडं जर्मन आणि 1888 नंतरचं. शिरस्त्राण घातलेलं स्त्रीचं मुंडकं, म्हणजे मिनर्व्हा देवी, असेल तर फ्रान्स, 1838 नंतर. पोर्तुगालचं रानडुकराचं मुंडकं 1887 पासूनचं. गोव्याच्या सोनारांनी घडवलेल्या जुन्या भांड्यांवर मात्र पुष्कळदा काहीच ठसा नसतो. ठसा नाही म्हणून वस्तू कमी दर्जाची, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

आणि एकाच कॅलिसवर वाटीचे ठसे वेगळे आणि पायाचे वेगळे निघाले तर घाबरू नका. वाट्या झिजतात, बदलल्या जातात. दोन्ही लिहून ठेवा.

‘ई.पी.एन.एस.’ किंवा ‘ए-वन’ अशी अक्षरं दिसली तर ती चांदी नव्हे, निकेलच्या मिश्रधातूवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. ही पद्धत 1840 नंतर पसरली. मुलामा उडालेल्या जागी धातू पिवळट-राखी दिसतो. तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेलं जुनं शेफील्ड प्लेट असेल तर झिजेवर गुलाबी छटा येते. पंचांच्या बैठकीत हे ऐकून चेहरे पडतात. पण शंभर वर्षं ज्या प्याल्यातून मंडळीने प्रभुभोजन घेतलं, त्याची किंमत मिश्रधातूवर ठरत नाही. त्याची निगा तितक्याच काळजीने ठेवा, किंबहुना जास्त, कारण मुलामा पातळ असतो.

सराफाकडे कस लावायला नेऊ नका. कसोटीवर घासणं आणि आम्लाचा थेंब दोन्हींचा डाग राहतो. शुद्धता कळायलाच हवी असेल तर हॉलमार्किंग केंद्रात क्ष-किरणांच्या यंत्रावर तपासून घ्या, त्यात धातूला ओरखडाही पडत नाही. मुलाम्याच्या भांड्यावर मात्र ते यंत्र वरचाच थर सांगतं, हे लक्षात ठेवा.

उपासनेनंतर लगेच

चांदीला रोजची हानी द्राक्षारसाने होते. तो आंबट असतो, चांदीला लागतो. म्हणूनच कॅलिस आतून सोन्याने मढवलेला असतो, आणि सोन्याहून कमी दर्जाच्या धातूची पात्रं आतून मुलाम्याची असावीत असा रोमन मिस्साच्या (कॅथलिक उपासनेच्या) नियमांतही निर्देश आहे. तरीही काठावर आणि बाहेर ओघळ जातोच.

उपासना संपल्यावर पंधरा मिनिटांत धुवा. कॅथलिक पद्धतीत फादर वेदीवरच पहिलं पाणी करून ते पिऊन टाकतात. त्यानंतरचं धुणं सॅक्रिस्टनचं, म्हणजे सॅक्रिस्टी सांभाळणाऱ्याचं. ते पाणी मोरीत जात नाही, सॅक्रेरियममध्ये (पाणी थेट जमिनीत सोडणारं खास कुंड) किंवा ते नसेल तर जमिनीत, झाडाच्या बुंध्याशी, जिथे पाय पडत नाही तिथे. इतर मंडळ्यांतही उरलेलं आदराने पिऊन टाकण्याचा किंवा मातीत ओतण्याचा रिवाज आहे, पाळकसाहेबांना एकदा विचारून घ्या.

पाणी नळाचं किंवा टँकरचं वापरू नका. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि बोअरच्या पाण्याने पांढरे डाग पडतात. फिल्टरचं कोमट पाणी, त्यात भांडी घासण्याच्या साध्या लिक्विडचा एक थेंब, हाताने हलकेच. स्पंज नको, तारेचा काथ्या तर नकोच. खळबळून घ्या आणि धुवून वापरलेल्या जुन्या मलमलीने ताबडतोब कोरडं करा, गाठीच्या खाली आणि पायाच्या कडेला विशेषकरून. पाणी तिथेच दडून बसतं.

एवढं दर रविवारी नीट केलं तर वर्षभर पॉलिशची वेळ येत नाही.

काळेपणा म्हणजे काय

हवेतल्या गंधकाच्या वायूशी चांदीचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइड तयार होतं. आधी पिवळसर, मग तपकिरी, शेवटी काळं. लोकर, रबर, अंडं, कांदा आणि जवळचा नाला यांतून तो वायू येतो. पावसाळ्यात, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, हवा ओली असते तेव्हा हे भराभर होतं. घासलं की काळेपणा जातो हे खरं, पण जातो तो चांदीसकट. प्रत्येक पॉलिशबरोबर एक अतिसूक्ष्म थर उतरतो, आणि नक्षीच्या उंच जागा सगळ्यात आधी: संतांची नाकं, द्राक्षांच्या घडाचे मणी, अक्षरांचे काठ. खोलगट जागांतला काळा रंग बहुतेकदा घडवणाऱ्याने मुद्दाम ठेवलेला असतो, नक्षी उठून दिसावी म्हणून. तो काढला की भांडं गुळगुळीत आणि सपाट दिसायला लागतं.

म्हणून पॉलिश वर्षातून एकदा, तेही गरज असेल तरच. माझी पद्धत अशी. प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानातून प्रेसिपिटेटेड कॅल्शियम कार्बोनेट आणायचं. फळ्यावरचा खडू नव्हे. त्यात कण असतात. गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी घालून ताकासारखं पातळ करायचं. कापसाच्या बोळ्यावर थोडंसं घ्यायचं, एका बोटाच्या रुंदीची जागा, पुढे-मागे सरळ रेषेत, गोल गोल नाही. बोळा काळा झाला की टाकून नवा. मग डिस्टिल्ड पाण्याने पुसून कोरडं. एका कॅलिसच्या पायाला माझी अख्खी दुपार जाते. नक्षीत भुकटी राहिली तर कोरड्या मऊ ब्रशने काढा, लहान मुलांचा दात घासायचा ब्रश चालेल, पण पेस्ट नको. पेस्टमध्ये कडक कण असतात.

चिंच, लिंबू, राख, सोडा आणि ॲल्युमिनियमची फॉइल, बुडवून काढायची तयार रसायनं, सराफाचं फिरतं चाक: यांतलं काहीही जुन्या पूजापात्राला नको. फॉइल आणि सोड्याच्या पाण्याने भांडं क्षणात पांढरं होतं हे बघून लोक खूश होतात. त्याच क्षणात नक्षीतला मुद्दाम ठेवलेला काळा रंगही जातो, आणि पोकळ भागांत सोड्याचं पाणी शिरून बसतं. रिठ्याचं पाणी आपल्या घरच्या नव्या चांदीला उत्तम. जुन्या मुलाम्याच्या वस्तूंवर मी ते वापरत नाही.

सोन्याचा मुलामा असलेल्या जागेला पॉलिश अजिबात नाही. वाटीच्या आत, मॉन्स्ट्रन्सच्या किरणांवर, थाळीच्या वरच्या बाजूला. तिथे कोमट पाणी आणि मलमल, बस. जुना मुलामा पाऱ्यात सोनं विरघळवून, भाजून चढवलेला असतो. त्याचा उबदार, किंचित मंद पिवळा रंग नव्या विजेच्या मुलाम्याला येत नाही. गेला तर गेला.

मेणबत्तीच्या खांबांबद्दल एक सावधगिरी. पुष्कळ जुने खांब आतून राळेने किंवा प्लास्टरने भरलेले असतात, वजन यावं म्हणून. गरम पाण्यात टाकले तर राळ वितळते, प्लास्टर फुगतं, पातळ पत्रा फाटतो. मेण थंडच असताना लाकडी काडीने हलकेच उचका. धुपाटण्याची काजळी मात्र सर्जिकल स्पिरिटच्या बोळ्याने निघते, लॅकर लावलेलं नसेल तर.

ठेवायचं कसं

प्रत्येक वस्तूला मांजरपाटाची पिशवी शिवा, खळ धुवून काढलेल्या कापडाची. वर्तमानपत्र नको, बनात नको, लोकर नको, आणि रबरबँड तर कधीच नको. रबरबँडने चांदीवर उमटलेली काळी रेघ मी पाहिली आहे. कापडातूनही उमटते, आणि ती निघत नाही. स्टीलचं कपाट लाकडीपेक्षा बरं, नवा रंग दिलेलं असेल तर आठवडाभर उघडं ठेवून मग भरा. प्रत्येक खणात सिलिका जेलच्या पुड्या, आणि जूनच्या सुरुवातीला त्या बदलायच्या. डांबराच्या गोळ्या नकोत.

नाताळ-ईस्टरलाच लागणाऱ्या वस्तू बँकेच्या लॉकरमध्ये. त्यांचे फोटो मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. कौतुक म्हणून टाकलेला फोटो कुठपर्यंत जाईल ते आपल्या हातात राहत नाही.

दुरुस्ती

पोचा काढायचा, चाकी आवळायची, डाक लावायचा अशी कामं निघतातच. रविवार पेठेतल्या आणि सोन्या मारुती चौकाजवळच्या सोनार-सराफांत हात असलेले कारागीर आहेत. पण त्यांना आधी स्पष्ट सांगा: कथिल-शिशाचा डाक नको, चांदीचाच डाक; चाकावर पॉलिश नको; नवा मुलामा नको; मजकुराला हात लावायचा नाही. हे लिहून द्या आणि वजन करून, फोटो काढूनच वस्तू द्या, परत घेताना पुन्हा वजन. ‘नव्यासारखं करून देतो’ असं जो म्हणेल त्याला नमस्कार करून परत या. शक्य असेल तर काम चर्चमध्येच समोर बसून करून घ्या. पेठेतले कारागीर छोट्या कामासाठी येतात.

मोठं काम असेल, एनॅमल, खडे किंवा तडा गेलेली वाटी, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला-संवर्धन केंद्राचा सल्ला घ्या. आणि डोळा तयार करायचा तर बाजीराव रस्त्याजवळच्या केळकर संग्रहालयात एक सकाळ काढा. तिथली भांडी चर्चची नसतील, पण हातांनी झिजलेला धातू आणि यंत्राने घासलेला धातू यांतला फरक तिथे उभं राहिल्यावर कळतो.

विकणं, विकत घेणं, सापडणं

छताचं काम निघतं, पैसे कमी पडतात, आणि कुणीतरी सुचवतं की जुनी चांदी मोडीत घालू. अशा वेळी नियम माहीत हवेत. कॅनन लॉ 1292 नुसार कलेच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीने मौल्यवान वस्तू विकायची तर रोमची परवानगी लागते, बिशपांचीही पुरत नाही. 1269 नुसार चर्चच्या मालकीची पवित्र वस्तू खासगी माणसाला घेताच येत नाही. आणि 1171 सांगतो की घरात आलेली असली तरी तिचा साध्या कामासाठी वापर करायचा नाही. म्हणजे आजोबांकडून आलेला कॅलिस दिवाणखान्यात फुलदाणी म्हणून चालणार नाही.

देशाचा कायदाही आहे. 1972 च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी, इतिहासाच्या किंवा कलेच्या दृष्टीने महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरते. ती खासगी माणसाला परदेशी नेताच येत नाही, आणि तिचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. परदेशी स्थायिक झालेल्या नातेवाइकांना ‘आठवण म्हणून’ जुना क्रूस किंवा डबी बॅगेत देताना हे लक्षात असू द्या.

बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात फिरताना एखादा कॅलिस दिसला तर? मला एकदा दिसला होता, पितळी समयांच्या ढिगात, पाया वाकलेला. असं झालं तर भाव करू नका. कुठून आला ते विचारा, पायाखालचा मजकूर वाचा, विक्रेत्याची परवानगी घेऊन फोटो काढा आणि जवळच्या चर्चला किंवा धर्मप्रांताच्या कार्यालयात दाखवा. चोरीचा संशय वाटला तर पोलीस ठाण्यात जा. मी पाहिलेल्या त्या प्याल्यावर पूर्वी मजकूर होता, तो कुणीतरी कानशीने घासून काढलेला होता. आडव्या उजेडात तीन अक्षरं तरीही दिसत होती, आणि तेवढ्यावरून एका मंडळीने आपल्या जुन्या फोटोतला प्याला ओळखला. आता तो त्यांच्या कपाटात मांजरपाटाच्या पिशवीत आहे, आणि वहीत त्याच्या नावापुढे ती तीनही अक्षरं लिहिलेली आहेत.